कापसाच्या कारखान्यांत सुरक्षिततेचें शिक्षण



कापसाचें बोंड शेतांत फुटतें आणि कापड गिरणींत विणलें जातें, एवढें प्राथमिक शाळेंतला मुलगाही सांगेल. परंतु शेत आणि गिरणी ह्यांच्यामध्यें एक तिसरें ठिकाण आहे. त्याची आठवण आपणांस, विशेषतः शहरांत राहणारांस, क्वचितच होते. तें म्हणजे जिनिंगचा कारखाना. वेचून आणलेल्या कापसांत वजनानें सुमारें एक तृतीयांश रुई असते व उरलेली बहुतेक सरकी. हीं दोन्ही येथें वेगळीं होतात, रुई दाबून तिच्या गाठी बांधतात आणि मग ती सूतगिरणीच्या वाटेला लागते. आपल्या अंगावरचा सदरा, अंथरुणांतली गादी, जखमेवर लावावयाचा कापूस, हें सारें ह्याच दारांतून आलेलें असतें. तेथें राबणाऱ्या माणसांचा जीव व हातपाय कसे जपावे, आणि ते जपण्याचें शिक्षण त्यांस व त्यांच्या सुरक्षा समितीच्या सभासदांस कसें द्यावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी यंत्रज्ञ नव्हे आणि वकीलही नव्हे. माझा जन्म मास्तरकींत गेला. परंतु शिकविणें म्हणजे काय, आणि न शिकवितां शिकविल्याची नोंद करणें म्हणजे काय, ह्यांतला भेद ओळखण्यापुरता अनुभव त्या धंद्यानें मला दिला आहे. आणि प्रस्तुत विषयाचें मर्म मला त्या भेदांतच दिसतें.

आमचें हिंगणघाट वणा नदीच्या कांठीं वसलेलें आहे. एकोणिसाव्या शतकांत ‘हिंगणघाटी’ ह्या नांवाचा कापूस मुंबईच्या बाजारांत व तेथून विलायतेंत नांवाजलेला होता. १८८१ च्या सुमारास बन्सीलाल अबीरचंदांची कापडगिरणी येथें निघाली व शतक संपतां संपतां रेखचंद मोहोतांची दुसरी. जिनिंग-प्रेसिंगचे कारखानेही त्यांच्याबरोबर वाढत गेले, आणि आजही हंगामांत कापसाच्या गाड्यांची रांग बाजार समितीच्या आवारापासून लांबवर लागलेली दिसते. पहिल्या वेचणीपूर्वीं शेतांत सीतादही करून मगच बोंडाला हात लावण्याची आमच्या विदर्भांत रीत आहे. शेतांत इतक्या आदरानें हाताळलेला कापूस कारखान्यांत पोंचला, कीं त्याच्याभोवतीं धांवपळ, धूळ आणि गडगडाट ह्यांचें राज्य सुरू होतें.

तेथलें काम थोडें समजून घेतल्याशिवाय धोका समजत नाहीं. आपल्याकडे सरकी काढण्याचें जें यंत्र सर्वत्र चालतें त्यांत चामड्याच्या चकत्या बसविलेले दोन रूळ फिरत असतात. प्रत्येक रुळाला चिकटून एक स्थिर सुरी असते आणि मधली हलती सुरी सरकीला ठोके देते. रुळानें तंतु ओढावा, स्थिर सुरीनें सरकी अडवावी, ठोक्यानें ती सुटून खालच्या जाळींतून पडावी, असा हा खेळ मिनिटाला शेंकडों वेळां चालतो. कापसाबरोबर खडा आला, रुळापाशीं गुंता झाला, पट्टा घसरला, कीं काम अडतें. आणि काम अडलें कीं माणसाचा हात आपोआप पुढें जातो. बऱ्याच अपघातांचें मूळ ह्या एका क्षणांत असतें. यंत्र थांबवून पुन्हा सुरू करावयास कांहीं मिनिटें लागतात, हात घालावयास एक निमिष. जेथें मजुरी गाठींच्या हिशेबानें ठरलेली असते, मुकादम पाठीशीं उभा असतो आणि बाहेर गाड्या खोळंबलेल्या असतात, तेथें तीं मिनिटें वांचविण्याचा मोह कोणास होणार नाहीं? अपघात झाला कीं ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असा शेरा मारून आपण मोकळे होतों. तो शेरा मला फारसा पटत नाहीं.

पूर्वीं यंत्रांच्या सबंध रांगेला एकच इंजिन शक्ति पुरवीत असे. त्याचा लांबच लांब दांडा, ज्याला कामगार शाफ्ट म्हणतात, पुष्कळ ठिकाणीं जमिनीच्या पातळीखालच्या बोळांतून फिरे. आणि वरच्या यंत्रांतून सुटलेली सरकीही त्याच बोळांत पडे. ती टोपलींत भरून बाहेर आणावी लागे. वर पट्टे, शेजारीं फिरता दांडा, अपुरा उजेड, आणि अंगावर लुगडें! पदराचें टोक किंवा सुटलेली वेणी दांड्याला लागली, कीं चातीनें सूत गुंडाळावें तसा तो तें गुंडाळून घेतो. ओढून सोडविण्याइतका अवधि मिळत नाहीं. ह्या एका धोक्यासाठीं कारखाना-नियमांत जिनिंगकरितां स्वतंत्र परिशिष्ट घालावें लागलें. जमिनीखालचा शाफ्ट सलग भिंतीनें किंवा चढतां न येणाऱ्या कुंपणानें पुरता बंद असावा, सरकी काढणें, साफसफाई व तेल घालणें ह्यांपुरतींच दारें ठेवावीं, आणि तीं दारें लावून कुलुपांत ठेवावीं, असें तें परिशिष्ट सांगे. वाक्यें कोरडीं आहेत. पण नियमांत कुलुपाचा उल्लेख यावा लागतो, तेव्हां त्यापूर्वीं कोणीतरी उघड्या दारानें आंत गेलेलें असतें. १९४८ च्या कायद्याचें सत्ताविसावें कलमही आमच्या ह्याच धंद्यासाठीं होतें. प्रेसमध्यें कापूस मोकळा करणारें यंत्र चालू असेल त्या भागांत स्त्रियांस व मुलांस कामास लावूं नये, असें त्यानें ठरविलें; यंत्राचीं दोन तोंडें छतापर्यंतच्या किंवा निरीक्षक सांगेल तितक्या उंच भिंतीनें वेगळीं केलेलीं असलीं, तरच कापूस घालण्याच्या बाजूस त्यांस काम देतां येई. आतां बहुतेक ठिकाणीं प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार असते व तो लांब शाफ्ट दिसत नाहीं. २००० सालीं सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानानंतर अनेक कारखान्यांत हवेच्या झोतानें कापूस वाहून नेणारे नळ आले आणि डोक्यावरच्या टोपल्या कमी झाल्या. तथापि पट्टा आहे, रूळ आहे, सुरी आहे आणि अडलेल्या कामांत पुढें जाणारा हातही आहे.

कायदा आमच्या धंद्यापर्यंत फार सावकाश आला. हिंदुस्थानांतला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. धोक्याच्या यंत्रांस कुंपण घालावें, हें त्यांत होतें. परंतु ज्या कारखान्यांत शंभरांहून कमी माणसें असत, किंवा जो वर्षांतून चार महिन्यांपेक्षां कमी चाले, तो त्याच्या कक्षेबाहेर. जिनिंग हा हंगामी धंदा असल्यामुळें त्यांतला मोठा भाग सुटलाच. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं मुंबईंत गिरणी कामगारांच्या सभा भरवून सरकारकडे अर्ज केला. त्यांतली आठवड्याच्या सुटीची मागणी सर्वांस ठाऊक आहे. पण कामावर जखमी झालेल्या माणसास बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, हीही मागणी त्याच अर्जांत होती. नुकसानभरपाईचा कायदा व्हावयास त्यानंतर १९२३ साल उजाडलें. इकडे कारखाना कायद्याची मर्यादा १८९१ सालीं शंभरांवरून पन्नासांवर आली, १९११ सालीं चार महिन्यांहून कमी चालणारे हंगामी कारखानेही कायद्याखालीं आले, १९२२ सालीं मर्यादा वीस माणसांवर व १९४८ सालीं यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरती दहांवर आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागीं २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीची संहिता अंमलांत आली आहे आणि तिनें हा आंकडा पुन्हा वीस केला आहे. लहान कारखानदाराचा कागदपत्रांचा त्रास वांचावा, हा त्यांतला हेतु सांगतात. तो खोटा नसेल. पण पंधरा माणसांच्या कारखान्यांतली सुरी पंचवीस माणसांच्या कारखान्यांतल्या सुरीपेक्षां बोथट नसते.

आतां शिक्षणाकडे वळूं. १९४८ च्या कायद्याच्या बाविसाव्या कलमांत एक लहानशी तरतूद होती, ती मला सबंध कायद्यांत फार शहाणपणाची वाटते. चालू यंत्र तपासावयाचें, त्याला तेल घालावयाचें किंवा पट्टा चढवावयाचा झाल्यास तें काम वाटेल त्यानें करूं नये. त्यासाठीं खास शिकविलेला प्रौढ पुरुष कामगार असावा, मालकानें पुरविलेले घट्ट कपडे त्याच्या अंगावर असावे, आणि त्याचें नांव नोंदवहींत लिहिलेलें असावें. शिक्षण, पोशाख आणि नांव ह्या तिहींची ही सांगड पाहा. ‘सर्वांनीं काळजी घ्यावी’ एवढें म्हणून कायदा थांबला नाहीं. अमुक नांवाच्या माणसाला ही गोष्ट येते, म्हणून हात लावील तर तोच; बाकीच्यांनीं लांब राहावें, असें त्यानें सांगितलें. पुढें १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळ येथें विषारी वायूनें हजारों माणसें मेलीं, आणि १९८७ सालीं कायद्यांत मोठी दुरुस्ती झाली. माहिती, सूचना, शिक्षण व देखरेख पुरविणें हें मालकाचें कर्तव्य ठरलें, शिक्षण मिळणें हा कामगाराचा हक्क ठरला, आणि धोक्याच्या प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत कामगार व व्यवस्थापक ह्यांचे समसमान प्रतिनिधि असलेली सुरक्षा समिति नेमावी असें सांगितलें गेलें.

प्रत्यक्षांत बहुतेक ठिकाणीं काय होतें? ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. एक फलक लागतो, शपथ घेतली जाते, कोणी पाहुणे अर्धा तास बोलतात आणि हजेरीच्या कागदावर सह्या व अंगठे होतात. तो कागद म्हणजे शिक्षणाचा पुरावा! मार्च महिन्यांत कापसाचा हंगाम ओसरलेला असतो, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आणि पुढच्या दिवाळीला जो जथा कामावर येतो त्यांत निम्मीं माणसें नवीं, कांहीं परप्रांतांतलीं. माझ्या धंद्यांत असें होतें, कीं मुलानें पाढा ऐकला म्हणून त्याला पाढा आला असें कोणी धरीत नाहीं; तो म्हणून दाखवावा लागतो. कारखान्यांतलें शिक्षणही करून दाखविण्याचें असलें पाहिजे. नव्या माणसाला त्याच्याच यंत्रापाशीं उभें करावें, त्याच्याच बोलींत सांगावें, आणि मग त्याच्याकडून करवून घ्यावें: बटण कोठें आहे, मुख्य खटका कोठें आहे, बंद केल्यावर रूळ पुरता थांबावयास किती वेळ लागतो, गुंता काढतांना खटक्याला कुलूप कोणी लावावयाचें व किल्ली कोणाच्या कमरेला राहावयाची. ज्याचा हात आंत जाणार, किल्ली त्याच्याचजवळ, मुकादमाजवळ नव्हे. यंत्रांच्या गडगडाटांत ‘थांबव’ ही हांक शेजारच्यालाही ऐकूं जात नाहीं, म्हणून हाताची एक खूण सर्वांची ठरलेली असावी आणि ती पहिल्याच दिवशीं शिकवावी. बायांस पदर खोंचून वर घट्ट अंगरखा घालावयाचा व केस बांधावयाचे, तर तो अंगरखा कारखान्यानेंच द्यावा. हें सारें एका यंत्रावर तासाभरांत होतें. आठ दिवसांनीं पुन्हा तेंच विचारावें. पहिल्या दिवशीं गोंधळलेला माणूस आठव्या दिवशीं नीट सांगतो, आणि नीट सांगणारा कधीं कधीं तोंपर्यंत वाईट खोड शिकलेला असतो. नागपूरला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचें जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. तेथें शिकून आलेला एखादा फिटर असला, तर हें काम त्याच्याकडूनच करवून घ्यावें.

डोळ्यांस दिसणाऱ्या धोक्यापेक्षां न दिसणारा धोका शिकविणें अवघड. कापसाची धूळ हा असला धोका आहे. जिनिंगपेक्षां सूतगिरणीच्या पिंजण्याच्या खात्यांत तो अधिक, पण जिनिंगमध्येंही आहेच. ह्या धुळींत पानाचे कण, माती आणि त्यांवर वाढणाऱ्या जंतूंचें विष असतें. वर्षानुवर्षें ती छातींत गेली म्हणजे बिसिनोसिस नांवाचा रोग होतो. त्याची चाल चमत्कारिक आहे. आठवड्याची सुटी संपवून माणूस कामावर येतो, त्या पहिल्या दिवशीं त्याची छाती भरून येते व दम लागतो; दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं बरें वाटतें. विलायतेंतल्या कामगारांनीं ह्याला सोमवारचा आजार म्हटलें. आरंभीं कष्टाचा एकच दिवस, पुढें दोन, पुढें सबंध आठवडा, आणि शेवटीं काम सोडलें तरी दम जात नाहीं. सुटीच्या दुसऱ्या दिवशीं कण्हणाऱ्या माणसाला ‘सुटीची सुस्ती’ म्हणून हंसणारे मुकादम असतात, म्हणून ही गोष्ट कामगाराइतकीच मुकादमालाही शिकविली पाहिजे. आरंभींच ओळखून माणसाला धुळीच्या जागेवरून हलविलें, तर तो सुधारतो. नुकसानभरपाईच्या कायद्यांत हा व्यवसायजन्य रोग म्हणून गणला गेलेला आहे. परंतु भरपाई मागावयास रोगाची नोंद लागते, आणि नोंदीला तपासणी. फुंकून पाहावयाचें साधें यंत्र त्यास पुरतें. आपल्याच जिल्ह्यांत सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. हंगामाच्या आरंभीं व अखेरीस एक एक वेळ अशी तपासणी करविणें कारखानदारांस जड नाहीं. रुळांच्या क्रोमनें कमावलेल्या चामड्याची भुकटीही ह्या धुळींत मिसळते. बिनक्रोमचे रूळ करण्याचा प्रयत्न संशोधकांनीं केला आहे, तो अशाचसाठीं. तोंवर खराट्यानें कोरडी झाडलोट करूं नये, हवेच्या फवाऱ्यानें यंत्र व अंग झटकूं नये, आणि तोंडाला बांधलेल्या ओढणीनें सूक्ष्म धूळ अडत नाहीं, एवढें तरी कामावरच्या बायांस कोणी सांगितलें पाहिजे.

आगीविषयीं विस्तार करीत नाहीं. विडीचा व ठिणगीचा धोका सर्वांस ठाऊक आहे. दोनच गोष्टी सांगतों, कारण त्या न शिकवितां उमजत नाहींत. मोकळ्या रुईवरून ज्वाला पाण्यावरच्या तरंगासारखी पसरते, आणि तिच्यावर जोराचा झोत मारला तर पेटलेली रुई उडून दुसरीकडे पडते. आणि गाठींत बांधली गेलेली ठिणगी दिवसेंदिवस आंतल्या आंत धुमसत राहते. म्हणून जेथें ठिणगी उडाली त्या वेळची गाठ इतर गाठींपासून दूर, उघड्यावर ठेवून तिच्यावर नजर ठेवावी लागते. पळून जावयाचें दार कोणतें, हें मात्र प्रत्येकानें एकदां चालून पाहिलेलें असावें. त्या दारापुढें गाठींची थप्पी तर नाहीं ना, हेंही तेव्हांच कळतें.

समितीच्या सभासदांचें शिक्षण ह्याहून निराळें. कामगाराला आपलें यंत्र कळलें कीं पुरे. सभासदाला दुसऱ्याचें यंत्र पाहून प्रश्न विचारतां आला पाहिजे. समितीवर नेमलेला कामगार बहुधा भिडस्त असतो. साहेबांच्या शेजारीं खुर्ची मिळाली, चहा आला, कार्यवृत्त वाचलें गेलें, सही झाली. त्यानें काय विचारावयाचें तें त्याला कोणी शिकविलेलेंच नसतें. त्याला अपघाताची नोंदवही वाचतां आली पाहिजे, आणि जी नोंद तींत नाहीं तीही वाचतां आली पाहिजे. पदर अडकून फाटला पण बाई वांचली, पट्टा तुटला पण कोणास लागला नाहीं, गाठीची पट्टी उसळून डोळ्याशेजारून गेली, हें कोणी लिहून ठेवीत नाहीं. वस्तुतः पुढच्या अपघाताची सूचना तेथेंच मिळते. महिन्यांतून एकदां सभासदांनीं काम चालू असतांना सबंध कारखान्यांत फिरावें, दिसलेलें लिहावें, आणि प्रत्येक गोष्टीपुढें ती कोण करणार व कोणत्या तारखेपर्यंत, हें लिहवून घ्यावें. पुढच्या सभेंत पहिला प्रश्न त्याच तारखांचा. झाडलोट, निवड व सरकीचें काम करणाऱ्या बायांतली एक तरी समितींत असावी. त्यांच्या बाजूचा धोका पुरुषांस दिसत नाहीं असें नव्हे, पण तो त्यांच्या अंगावर येत नाहीं. नव्या संहितेनें कामगारास असा हक्क दिला आहे, कीं जिवावर बेतण्याजोगा धोका समोर दिसला तर त्यानें तो स्वतः किंवा समितीच्या सभासदामार्फत मालकाच्या कानांवर घालावा व त्याच वेळीं निरीक्षकासही कळवावें. हा हक्क ठाऊक नसलेला सभासद काय कामाचा?

ही समिति सर्व कारखान्यांस सक्तीची नाहीं. सरकार आदेशानें सांगेल त्या आस्थापनांनींच ती नेमावयाची, आणि आजवरची सक्ती मुख्यतः मोठ्या किंवा विशेष धोक्याच्या कारखान्यांपुरती राहिली आहे. तीस-चाळीस माणसांचा जिनिंग कारखाना तींत सहसा येत नाहीं. परंतु मालकानें स्वतःहून दोन कामगार, एक फिटर व एक व्यवस्थापक अशा चौघांस बसविलें, तर त्यास कोणता कायदा आड येतो? एका कारखानदार गृहस्थांनीं मला विचारलें, कीं ह्या शिक्षणाच्या तासांची मजुरी कोणी द्यावयाची? प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमध्यें १९७७ सालच्या नियमांनीं कामगारांच्या सुरक्षा प्रतिनिधींस शिक्षणाकरितां पगारी वेळ देणें मालकांवर बंधनकारक केलें. आमच्याकडे हंगामापूर्वींचा आठवडा यंत्रांच्या दुरुस्तींत जातो. सुऱ्यांना धार लागते, रूळ बदलतात, मोटारी चालवून पाहतात. त्या आठवड्यांत फिटरांस पगार मिळतच असतो. नव्या मजुरांस त्यांतला एक दिवस आधीं, पुऱ्या मजुरीवर बोलावलें, तर यंत्रें थांबलेलीं असतात, झांकणें उघडीं असतात, रूळ कोठें व सुरी कोठें हें बोट दाखवून सांगतां येतें, आणि बाहेर गाड्याही उभ्या नसतात.